दोन रांगांचं पिस्तूल

बहारीनमध्ये मी जनरेटर आणि पंप दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होतो. नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. आमचं वर्कशॉप तुबलीला, खाडीच्या अगदी कडेला. ओहोटी लागली की खाडीतला काळा गाळ उघडा पडायचा आणि त्याचा कुजका वास डिझेलच्या वासात मिसळून थेट दुपारच्या डब्यापर्यंत यायचा. मला त्या वासाची सवय कधी झाली नाही. तक्रार मात्र मी केली नाही. ज्या वासाला कंटाळून मी देश सोडला होता, तो मला याहून नकोसा होता.

इथे येण्याआधी मी सरकारी शस्त्र कारखान्यात तपासनीस होतो. वडीलही त्याच कारखान्यात, त्याच खात्यात होते. आमच्या वस्तीतली निम्मी घरं कारखान्याच्या भोंग्यावर उठायची. वडिलांना त्या नोकरीचा अभिमान होता आणि तो पोकळ नव्हता. त्यांच्या वडिलांना गावात लोक लांबून, वरून पाणी ओतायचे. त्या माणसाच्या मुलाचा शिक्का बसल्याशिवाय कारखान्यातून रायफल बाहेर पडत नव्हती. मी मात्र काही वर्षांतच आतून आटलो. घरी दर रविवारी बुद्धवंदना व्हायची. पंचशील म्हणताना पहिल्याच, जीवहत्या न करण्याच्या शीलाला माझी जीभ अडखळायची, आणि सोमवारी सकाळी मी पुन्हा नळ्यांना डोळा लावून बसायचो. बहारीनची जाहिरात दिसली तेव्हा त्यात 'पंप' हा शब्द वाचूनच मला बरं वाटलं होतं.

आमच्या मॅनेजरना माझी ही आधीची नोकरी माहीत होती. ते पुण्याचे. बोलणं मोजकं, इंग्रजी अस्खलित, अरबी कामापुरती. आमच्या बहारिनी मालकाला आम्ही अरबाब म्हणायचो. त्याच्या डोक्यात जे येईल ते कागदावर उतरवायचं आणि यशस्वी करून दाखवायचं, हे मॅनेजरांचं काम. एका सकाळी ते वर्कशॉपमध्ये आले. ते सहसा तिकडे येत नसत, वास यायचा म्हणून.

"तुम्ही हत्यारांच्या कारखान्यात होता ना?"

"होतो सर. इन्स्पेक्शनला."

"मग तुमच्यासाठी खास काम आहे. नट-बोल्ट खूप झाले."

त्यांनी माझ्यापुढे एक गुळगुळीत माहितीपत्रक ठेवलं. त्यावर काळ्या पिस्तुलाचा मोठा फोटो होता. अरबाबला एजन्सी घ्यायची होती. पिस्तूल बहारीनमध्ये विकायचंच नव्हतं. गिऱ्हाईक आफ्रिकेतलं होतं, बँकांना आणि गोदामांना पहारेकरी पुरवणारी एक कंपनी. माल इथून फक्त कागदोपत्री जाणार होता. अरबाबच्या घराण्याची वर ओळख होती, त्यामुळे नमुने तपासायला आणायची परवानगी मिळाली होती. गिऱ्हाइकाला तिसऱ्या माणसाचा तांत्रिक रिपोर्ट हवा होता आणि तो तिसरा माणूस मी होतो.

"सर, मी ते काम सोडून आलोय," मी म्हणालो.

"बनवायला कोण सांगतंय? बघायचं आणि लिहायचं. डॉक्टर पेशंट तपासतो म्हणून आजारी पडत नाही."

मी हो म्हणालो. व्हिसा कंपनीचा होता. झिंजमधला फ्लॅट कंपनीचा होता. मुलगी इथल्या शाळेत तिसरीत होती. पण खरं सांगायचं तर या सगळ्याचा विचार मी नंतर केला. त्या क्षणी मला फक्त त्या फोटोतल्या पिस्तुलाच्या मुठीची जाडी दिसली आणि आत काय असेल याची उत्सुकता वाटली. हात जुने होते, त्यांना सवय होती.

दुसऱ्या आठवड्यात कारखान्याचा विक्रेता आला. युरोपातला, गोरा, घामानं लाल झालेला. त्यानं हात मिळवला तेव्हा ओलं फडकं हातात आल्यासारखं वाटलं. त्याच्याबरोबर एक बहारिनी अधिकारी होता, गणवेशातला. कुलूपबंद पेटी त्याच्या ताब्यात. रोज सकाळी त्यानं ती आणायची, मी काम करेपर्यंत दाराशी खुर्ची टाकून बसायचं आणि संध्याकाळी सगळं मोजून घेऊन जायचं, असं ठरलं होतं. तो फारसा बोलत नसे. वर्तमानपत्र उघडून बसे, पण पान क्वचितच उलटे.

वर्कशॉपच्या मागच्या खोलीत टेबलावर पांढरा कपडा अंथरला होता. विक्रेत्यानं पेटीतून पाच पिस्तुलं काढून ओळीनं मांडली. ती साठवणीच्या ग्रीसनं माखलेली होती. त्या ग्रीसचा वास नाकात गेला. तोच, कारखान्यातला वास. त्यानं एक पिस्तूल फडक्यानं पुसलं आणि लहान बाळ दाखवावं तसं माझ्यापुढे धरलं.

"हिच्याकडे बघा. एवढ्या पैशांत एवढी सुंदर कुठे मिळेल?"

मॅनेजरांनी त्याच्यासाठी सामोसे मागवले होते. त्यानं हात न धुता, त्याच ग्रीसच्या बोटांनी सामोसा उचलला, मोडला, खाल्ला आणि मग एकेक बोट चोखलं. मॅनेजरांनी ते पाहिलं आणि खिडकीबाहेर नजर वळवली. तो दिवस मला पिस्तुलापेक्षा त्या बोटांमुळे जास्त लक्षात आहे.

मी कामाला लागलो. ज्यांनी पिस्तूल कधी हातात घेतलं नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. साध्या पिस्तुलाच्या मुठीत काडतुसं एकावर एक, एका रांगेत बसतात. या पिस्तुलात ती दोन रांगांत, एकाआड एक बसायची. त्यामुळे जवळजवळ दुप्पट मावायची. जाहिरातीत हेच मोठ्या अक्षरांत होतं. पण दोन रांगांतून वर येताना काडतुसांना एकच रांग धरावी लागते, अरुंद दारातून गर्दी बाहेर पडावी तशी. सगळी कसोटी त्या दाराशी असते. तिथला पत्रा नीट वळवलेला नसेल, आतली स्प्रिंग मऊ असेल, तर काडतूस वाकडं होऊन अडकतं. इथे दोन्ही होतं. पत्र्याची कड तर इतकी खडबडीत होती की पहिल्याच दिवशी माझा अंगठा चिरला.

बाहेरून काळा मुलामा चकचकीत. उघडल्यावर आत कानशीचे ओरखडे तसेच. वरचा भाग बोटांनी हलवला तर खुळखुळ वाजायचा. एका सुट्या भागावरचा जुना आकडा खरवडून वर नवा ठोकला होता, म्हणजे कुठल्या तरी नापास मालातला भाग उचलून इथे बसवलेला. आमच्या कारखान्यात असं काही सापडलं असतं तर वडिलांनी तो ट्रे जमिनीवर ओतला असता. आणि मूठ इतकी जाड की माझी चारही बोटं धड वेढत नव्हती. मध्यम अंगकाठीच्या पहारेकऱ्यानं ती कशी धरायची, याचा विचार बनवणाऱ्यानं केलेला नव्हता.

हे सगळं वाईट होतं, पण ते बाजारातलं वाईट होतं. चौथ्या की पाचव्या दिवशी मी पडण्याची परीक्षा घेतली. सेफ्टी लावलेलं पिस्तूल कमरेच्या उंचीवरून जाड फळीवर पाडायचं. आत गोळी नाही, दारू नाही, फक्त ठिणगीची टोपी बसवलेलं रिकामं काडतूस. सेफ्टी लावलेली असताना टोपी उडता कामा नये. एवढंच. पहिली दोन पिस्तुलं पाडली आणि दोन्ही वेळा खोलीत फटकन आवाज झाला. अधिकाऱ्यानं वर्तमानपत्र खाली केलं.

"ये क्या है?" त्यानं विचारलं.

मी त्याला मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं. बंद केलेलं पिस्तूल पडल्यावर आपोआप सुटतंय. त्यानं मान हलवली आणि खुर्ची दारापासून थोडी बाजूला, भिंतीच्या आड सरकवली.

उरलेली तीन पिस्तुलं मी पुन्हा पुन्हा पाडली. ती सुटली नाहीत. तसं मी लिहून ठेवलं.

त्या दिवसांत घरी गेल्यावर मी आधी न्हाणीघरात जायचो. कपडे धुण्याच्या पावडरीनं कोपरापर्यंत हात घासायचो. तरी मुलगी एकदा जवळ येऊन मागे सरली.

"पप्पा, यू स्मेल फनी."

"गॅरेजमध्ये काम करतो ना मी."

"नॉट गॅरेज. समथिंग एल्स."

बायको उम्म अल हस्समच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला होती. ती माझ्यापेक्षा उशिरा घरी यायची. तिला मी काम सांगितलं होतं, पण तपशील सांगितला नव्हता. त्या संध्याकाळी चहा घेताना मी सगळं ओकलो. पत्रा, स्प्रिंग, खरवडलेला आकडा, ती टोपी उडणं. इतकं घाणेरडं काम मी आयुष्यात पाहिलं नाही, असं काहीतरी म्हणालो. ती शांतपणे ऐकत होती.

"अहो, म्हणजे चांगलं बनवलेलं असतं तर तुम्हाला चाललं असतं?"

मी कप खाली ठेवला. तिनं टोमणा मारला नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, निदान पडून तरी कुणी मेलं नसतं. ती म्हणाली, "हां. मग चाप ओढून मेलं असतं." आणि ती मुलीचा अभ्यास घ्यायला उठून गेली. मला तिचा राग आला. नंतर कळलं की राग तिचा नव्हता. गेले काही दिवस मी खूश होतो. त्या टेबलाशी बसून दोष शोधताना मी जुना, तरबेज माणूस झालो होतो. त्याची मला शिसारी आली.

मी मॅनेजरांना रिपोर्ट दिला. पाचपैकी दोन धोकादायक, माल घेऊ नये. त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला.

"तीन पास आहेत ना?"

"तीन सुटली नाहीत, सर. पास म्हणत नाही मी."

"मग डेमोला तीनच वापरू. ती दोन पेटीतच राहू देत. सॅम्पल आहेत, अहो. सॅम्पलमध्ये असं होतंच."

"सर, पाचांत दोन म्हणजे हजारांत किती, तो हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल."

ते हसले. "तुम्ही आधी डेमो बघा. मग ठरवू."

डेमो बेटाच्या दक्षिणेला, वाळवंटातल्या एका कुंपण घातलेल्या मैदानावर होता. सकाळी लवकर निघालो तरी पोहोचेपर्यंत ऊन अंगावर आलं होतं. ताडपत्रीचं छप्पर, प्लास्टिकच्या खुर्च्या, बर्फाचा मोठा डबा आणि त्यात थंड पेयं. गिऱ्हाइकाचा माणूस आदल्या दिवशीच आला होता. उंच, नीटनेटका, मऊ आवाजाचा. त्याच्या कंपनीचे पहारेकरी कोण असतात, असं मी विचारल्यावर तो म्हणाला, "खेड्यातली मुलं. दोन दिवसांचं ट्रेनिंग देतो." अरबाब आला नाही. त्याच्या वतीनं मॅनेजर होते, टाय लावून.

निशाण्याच्या जागी तेलाची रिकामी पिंपं उभी केली होती आणि प्रत्येक पिंपावर एक मोठं कलिंगड. जवळ गेल्यावर दिसलं की कलिंगडांना शर्ट घातले होते. खाकी शर्ट, गळ्याची बटणं लावलेले, बाह्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या. खिशावर आमच्याच कंपनीचा बिल्ला. आमच्या गेटवरच्या नेपाळी वॉचमनचे ते जुने शर्ट होते. नवीन मिळाल्यावर त्यानं ते धुऊन, घडी करून स्टोअरला परत केले होते.

"ही कल्पना कुणाची?" मी मॅनेजरांना विचारलं.

"त्याची. दिसायला परिणामकारक असतं म्हणे." त्यांनीही त्या शर्टांकडे नीट पाहिलं नाही.

विक्रेत्यानं कानाला संरक्षक लावले, पाय फाकवले आणि गोळ्या झाडायला लागला. तिसरी की चौथी गोळी अडकली. त्यानं पिस्तुलाच्या बुडावर तळहात मारला, वरचा भाग ओढला, अडकलेलं काडतूस वाळूत पडलं. "नवीन आहे, जरा लाजते," असं काहीतरी तो म्हणाला आणि पुन्हा सुरू झाला. कलिंगडं फुटली. शर्टाच्या पुढच्या बाजूला छोटं भोक आणि मागून सगळं लाल बाहेर. खाकी कापड भिजून पिंपाला चिकटलं. गर वाळूवर सांडला आणि कुठून आल्या कोण जाणे, बघता बघता त्यावर माशा बसल्या. गिऱ्हाइकाच्या माणसानं हलक्या टाळ्या वाजवल्या.

मग विक्रेता, गिऱ्हाइकाचा माणूस आणि मॅनेजर पिंपांपाशी गेले, मागून मी. विक्रेत्यानं शर्टातून एक मोठा तुकडा सोडवला, कापडाचे धागे फुंकरीनं उडवले आणि खायला लागला. रस मनगटावरून घड्याळात गेला. त्यानं गिऱ्हाइकाच्या माणसाला दिला, त्यानंही खाल्ला. एक तुकडा माझ्यासमोर आला.

"घे, गोड आहे."

मी नको म्हणालो. मॅनेजरांनी तुकडा हातात घेतला, पण खाल्ला नाही. सगळ्यांचं लक्ष नाही असं पाहून त्यांनी तो वाळूत टाकला आणि रुमालानं बोटं पुसली. अधिकारी छपराखाली बसून आमच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला त्या उन्हात नीट दिसलं नाही, पण तो जागचा हलला नाही.

आम्ही छपराखाली परतलो आणि पुढचं सगळं एका क्षणात झालं. गिऱ्हाइकाच्या माणसाला पाहायचं होतं की पहारेकऱ्याच्या कमरेला पिस्तूल कसं बसेल. विक्रेत्यानं भरलेलं पिस्तूल, सेफ्टी लावून, त्याच्या हातात दिलं. ते त्या तीन पिस्तुलांपैकी होतं, मी पुन्हा पुन्हा पाडून पाहिलेल्यांपैकी. मी "आधी रिकामं करा" असं म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्यानं ते पट्ट्यात खोचायचा प्रयत्न केला. बोटं कलिंगडाच्या रसानं बुळबुळीत होती. पिस्तूल निसटलं आणि छपराखालच्या सिमेंटच्या लादीवर पडलं.

गोळी सुटली. बर्फाच्या डब्याला एका बाजूनं आत आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर अशी दोन भोकं पडली. त्या डब्यापासून मॅनेजरांची खुर्ची हातभर अंतरावर होती आणि ते त्याच वेळी बसायला वाकले होते. डब्यातून तपकिरी फेस लादीवर ओघळायला लागला. मॅनेजर अर्धवट वाकलेलेच राहिले, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर.

मग विक्रेता हसला. आधी घशातल्या घशात आणि मग मोठ्यानं. "बघितलंत? काहीही झालं तरी ती झाडतेच," तो म्हणाला. गिऱ्हाइकाचा माणूसही हसला, सुटल्यासारखा. आणि मॅनेजर, ज्यांच्या मांडीतून ती गोळी गेली असती, तेही हसले. ओठ पांढरे पडले होते, तरी हसले. मी आयुष्यात बरीच घाण पाहिली आहे. तुंबलेले पंप उघडले आहेत, त्यातून मेलेले उंदीर काढले आहेत. पण त्या हसण्याइतकं किळसवाणं मी काही ऐकलं नाही.

अधिकारी उठला. त्यानं लादीवरचं पिस्तूल उचललं, रिकामं केलं, बाकीची गोळा केली, पेटीत ठेवली आणि कुलूप लावलं.

"खलास," तो म्हणाला.

"फ्रेंड, अजून अर्धा कार्यक्रम बाकी आहे," विक्रेता म्हणाला.

"खलास." तो दुसऱ्यांदा म्हणाला आणि पेटी घेऊन गाडीकडे गेला. जाताना त्यानं मला हातानं बोलावलं. "यल्ला, तू माझ्याबरोबर चल."

मी मॅनेजरांना न विचारता त्याच्या गाडीत बसलो. दोन्ही बाजूंना तेलाचे पाइप आणि सपाट वाळू. मग मीच बोललो. मी म्हणालो की आज जे सुटलं ते माझ्या तपासणीत सुटलं नव्हतं. माझ्या कागदावर ते न सुटणारं आहे. म्हणजे माझ्या परीक्षेत टिकलेलं सुद्धा चांगलं नाही. हे मी कंपनीबाहेरच्या माणसाला सांगणं चुकीचं आहे, मला माहीत आहे, पण तुम्हाला माहीत असावं.

"मी बघितलं," तो म्हणाला. "मला कागद नको." थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "ते शर्ट कुणाचे होते?"

मी सांगितलं. त्यानं जिभेनं च्च असा आवाज केला आणि खिडकीची काच खाली करून बाहेर थुंकला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. त्यांचा चेहरा झोप न झाल्यासारखा होता.

"गिऱ्हाइकाची हरकत नाही," ते म्हणाले. "किंमत त्याला बसते. कालचं हँडलिंगमुळे झालं, असं तो स्वतः म्हणतोय. तुम्ही फक्त पडण्याच्या टेस्टचा भाग काढा आणि सही करा."

"सर, ती गोळी तुमच्या मांडीतून गेली असती."

"गेली नाही ना."

"तो पोरांना दोन दिवस शिकवून ते कमरेला बांधणार आहे. दिवसभर. बसताना, उठताना, मुतायला जाताना."

"तुमच्या माझ्या कमरेला बांधणार नाही." ते खुर्चीत मागे टेकले. "हे बघा, मी काही राक्षस नाही. पण आपण नाही दिलं तर दुसरं कुणी देईल. तुम्ही लोक फार मनाला लावून घेता."

"कोण लोक, सर?"

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला, पुन्हा ठेवला. "कारखान्यातले," ते म्हणाले.

मी सही केली नाही. कागद तिथेच ठेवून बाहेर आलो. व्हिसा रद्द होईल, महिन्याभरात सामान बांधावं लागेल, असं मी धरून चाललो होतो. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "होईल ते होईल. आधी जेवा." तिनं दुसरं काही विचारलं नाही.

झालं वेगळंच. नमुन्यांची परवानगी पुढे वाढवून मिळाली नाही. कुणी अडवली, का अडवली, ते कुणी सांगितलं नाही. मी अधिकाऱ्याला पुन्हा कधी भेटलो नाही. अरबाबचं मन पंधरवड्यात पिस्तुलावरून उडालं आणि न्हाणीघराच्या फरशांच्या एजन्सीवर बसलं. मॅनेजरांनी मला काढलं नाही. वर्कशॉपच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, खाडीच्या बाजूला, पंप सोडवायला बसवलं. तिथे वास सगळ्यात जास्त यायचा. मला ते आवडलं. ते स्वतः तिकडे कधी आले नाहीत. कुठे समोरासमोर आलो तर ते माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त अदबीनं बोलायचे, आणि मला त्या अदबीचाही वीट यायचा.

बऱ्याच महिन्यांनी वर्कशॉपच्या फोनवर माझ्यासाठी कॉल आला. तो विक्रेता होता, दुसऱ्या कुठल्या तरी बंदरातून. आवाजात तीच जवळीक. माल त्याच गिऱ्हाइकाला तिथल्या एका एजंटामार्फत गेला होता. काही तक्रारी येत होत्या. 'काही' म्हणजे काय, हे तो सांगेना. मी दोनदा विचारल्यावर म्हणाला, एका मुलाचा पाय गेला, ट्रकमधून उतरताना. आणि लगेच पुढे, "तू खूप बारीक बघितलं होतंस. नेमकं काय चुकतंय?"

माझ्या हातात फोन होता आणि समोर उघडलेला पंप. फोन आपटावा असं वाटलं. पण मग त्या मुलाच्या बाकीच्या सोबत्यांचं काय, ज्यांच्या कमरेला आत्ता, या क्षणी ते बांधलेलं होतं? मी त्याला सगळं सांगितलं. काडतूस कशानं अडकतं, मूठ किती बारीक हवी, सेफ्टीचा आतला तुकडा कुठे अपुरा पडतो, टोपीवर आदळणाऱ्या ठोकणीला कशानं अडवायला हवं, विकलेला माल परत का मागवायला हवा. परत मागवा, हे मी तीन-चार वेळा म्हणालो. तो हूं हूं करत लिहून घेत होता. शेवटी म्हणाला, "यू आर अ गुड मॅन," आणि फोन ठेवला. मी बाहेर जाऊन खाडीच्या कडेला उभा राहिलो. ओहोटी होती. मी तोंडानं श्वास घेत राहिलो.

वर्ष संपता संपता माझ्या नावानं कंपनीच्या पत्त्यावर एक लिफाफा आला. आत नवं माहितीपत्रक होतं, पहिल्याहून जाड कागदाचं. पिस्तूल तेच, फोटो नवा. वर लिहिलं होतं, सुधारित मॉडेल. खाली ठिपके देऊन नवी वैशिष्ट्यं छापली होती आणि ती वाचताना मला माझाच आवाज ऐकू येत होता. पडल्यास न सुटणारं. काडतूस न अडकणारं. लहान हातांनाही पेलणारी मूठ. जुना माल परत मागवल्याचा एक शब्द कुठे नव्हता. कोपऱ्यात पेनानं त्यानं 'थँक्स' लिहिलं होतं आणि एक हसरा चेहरा काढला होता.

मी ते घरी नेलं, का नेलं ते ठाऊक नाही. बायको ओट्याशी मासे साफ करत होती. मी तिला वाचून दाखवलं. ती पाण्याखाली हात धरून ऐकत होती.

"मग आता ते चांगलं झालं?" तिनं विचारलं.

"कागदावर झालंय."

"आणि ते आधीचे?"

"ते तिथेच आहेत. ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे."

तिनं नळ बंद केला. मुलगी आतून येऊन विचारून गेली, "इज इट फिश अगेन?" बायको हो म्हणाली. मी माहितीपत्रकाचे उभे चार तुकडे केले. कागद इतका जाड होता की एका झटक्यात फाटेना, दोन्ही हातांनी पिळावा लागला. त्यावर काळ्या शाईचा चकचकीत थर होता, तो बोटांना लागला. मी साबण घेतला आणि हात धुवायला लागलो.

त्यानंतर मी त्या कंपनीत आणखी दोन वर्षं काढली, कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत. पंपच केले. वडिलांना मी हे सगळं सुट्टीत गेल्यावर सांगितलं. ते तेव्हा निवृत्त होते, अंगणात खाटेवर बसलेले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि फक्त एकच विचारलं, त्या मुलाचा कुठला पाय गेला. मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "चल, ऊन आलं, खाट आत घेऊ."